वेगवान जहाजांचा हिशेब



आपल्यापैकी काही जण परदेशी माल पाठवतात, काही जण जलवाहतुकीत पैसे गुंतवायच्या विचारात आहेत. ‘वेगवान मालवाहू जहाजांचा धंदा चालेल का?’ हा तुमचाच प्रश्न. मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून हिशेबानेच उत्तर देते.

शाळेत शिकलेला ‘घन’ इथे उपयोगी पडतो. नेहमीच्या बांधणीच्या जहाजाचा वेग दुप्पट करायचा तर इंजिनाची ताकद साधारण आठपट लागते. प्रवासाला वेळ निम्मा लागतो, पण तेवढ्याच अंतराला इंधन चौपट जळते.

सी-लँड या अमेरिकन कंपनीने १९७२-७३ मध्ये ‘एसएल-७’ जातीची ८ कंटेनर जहाजे आणली. वेग ३३ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६१ किलोमीटर. त्यांतल्या एका जहाजाने १९७३ मध्ये अटलांटिक महासागर साडेतीन दिवसांत ओलांडला. त्याच वर्षाअखेरीस तेलाचे भाव भडकले आणि गणित कोलमडले. १९८१-८२ मध्ये ही आठही जहाजे अमेरिकी नौदलाने घेतली. जहाजांत खोट नव्हती. एवढ्या घाईचे पैसे मोजणारे व्यापारी गिऱ्हाईक नव्हते. २००८ च्या मंदीनंतर तर मोठ्या कंपन्यांनी जहाजे मुद्दाम हळू चालवली.

कारण सरळ आहे. कंटेनरला कंटाळा येत नाही. फारच घाईचा आणि महागाचा माल विमानाने जातो. उरलेल्या मालाच्या धन्याला हवी असते ती ठरलेली तारीख. जोरात येऊन बंदराबाहेर दोन दिवस नांगर टाकून बसलात, तर जाळलेले तेल पाण्यात गेले.

मग जलवाहतूक चालते कुठे? भाऊचा धक्का ते मांडवा पाहा. रस्त्याने पेणमार्गे सुमारे १०० किलोमीटरचा वळसा. २०२० पासून रो-रो बोट गाडीसकट तासाभरात पोचवते. ही बोट काही वाऱ्यासारखी पळत नाही. तिथे वळसा वाचतो, आणि वाचलेल्या वेळाचे पैसे प्रवासी स्वतः देतो.

तेव्हा कोणी वेगवान जहाजाची योजना घेऊन आले, तर तीन प्रश्न विचारा. वळसा किती वाचतो? दारापासून दारापर्यंत एकूण वेळ किती? तेल दुप्पट महागले तर काय? तिन्हींची उत्तरे कागदावर मिळाली, तरच चेकबुक उघडा.