रस्ता आणि पाण्याची वाट



रस्ता झाला असे आपण केव्हा म्हणतो? डांबराचा काळाभोर थर पसरला आणि कोणा मान्यवरांच्या हस्ते फीत कापली गेली म्हणजे. वास्तविक त्या दिवसापूर्वीच रस्त्याचे जे बरेवाईट व्हावयाचे ते होऊन चुकलेले असते. खेड्याच्या रस्त्यावर डांबराची जी चादर आपल्याला दिसते, तिची जाडी बहुधा २० मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या पेराएवढीही नसते. गाड्यांचा भार ती पेलीत नाही. तो भार खाली पसरत पसरत अखेर मातीवर येतो, आणि माती कोरडी आहे तोवर ती तो निमूटपणे सोसते. ती भिजली की सारेच बिघडते. म्हणून आज आम्ही बोलणार आहोत ते डांबराविषयी थोडे आणि पाण्याविषयी फार.

हा विचार नवा नव्हे. १८१६ साली ब्रिस्टलच्या रस्त्यांची देखरेख हाती घेणाऱ्या जॉन मॅकॅडमने हेच सांगितले होते : भार वाहते ती मूळची जमीन, तिला कोरडी ठेवा, रस्ता भोवतालच्या पाण्याहून उंच ठेवा आणि वर लहान लहान फोडलेल्या दगडांचा घट्ट थर द्या. वरच्या थरातला दगड सहा औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून जड नसावा, असा त्याचा दंडक होता. त्याचा समकालीन थॉमस टेलफर्ड मात्र पायात मोठे दगड हाताने रचून घेई. आपण या दोघांचेही शिष्यत्व पत्करले. सोलिंग घेतले ते टेलफर्डचे, खडी घेतली ती मॅकॅडमची; आणि दोघांनीही आग्रहाने सांगितलेला पाण्याचा निचरा तेवढा घ्यावयाचा विसरलो!

कामाचा आरंभ आखणीपासून होतो. रस्ता ओढ्याच्या काठाने न्यावा की टेकडीच्या कडेने, मोरी कोठे घालावी, हे ठरविणाऱ्याने ती जमीन पावसाळ्यात पाहिलेली असली पाहिजे. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत दिसणारा सखल भाग आषाढात तळे होतो, हे गावातल्या कोणाही म्हाताऱ्याला ठाऊक असते. परंतु त्याला विचारतो कोण?

त्यानंतर मातीची परीक्षा. आपल्या बेळगाव भागात तर दोन प्रकारची भूमी जवळजवळ नांदते. जांबोटी-कणकुंबीकडे तांबडी जांभ्याची जमीन आणि धुवांधार पाऊस. पूर्वेस काळी कपाशीची जमीन. ही काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तांबड्या मातीवर टिकलेली रचना तशीच काळ्या मातीवर उचलून नेली तर ती टिकणार नाही. मातीची ताकद मोजण्याची जी पद्धत कॅलिफोर्नियाच्या रस्ते-अभियंत्यांनी सुमारे शतकापूर्वी घालून दिली, तीत मातीचा नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग त्यावर दांडा दाबून पाहतात. चांगल्या फोडलेल्या खडीची ताकद शंभर धरली, तर भिजलेल्या काळ्या मातीची पुष्कळदा दोन-चारच भरते. म्हणजे परीक्षा घेतली जाते ती भिजलेल्या मातीची. कारण उघड आहे : रस्त्याला पावसाळाही काढावयाचा असतो.

मग भराव. माती एकदम ओतून वरवर रोलर फिरविला तर वरचे कवच घट्ट होते, आतला भाग पोकळ राहतो आणि पहिल्या पावसात रस्ता बसतो. म्हणून सुमारे वीस-पंचवीस सेंटिमीटरांचे थर घालून प्रत्येक थर निरनिराळा दाबावा लागतो. त्यासाठी माती ओली हवी, पण बेताची. फार कोरडी असली तर कण एकमेकांत बसत नाहीत, फार ओली असली तर चिखल होतो. अमेरिकेतील प्रॉक्टर यांनी १९३३ साली हे शास्त्र मांडले. भाकरीचे पीठ मळणारीला मात्र ते केव्हाचेच अवगत आहे.

आता खडी. सर्वांत अधिक लबाडी येथेच होते, म्हणून येथे थोडे थांबावे. खडी पसरली की कोरडीच दाबावयाची; रोलर कडेकडून मध्याकडे आणीत जावयाचा. रोलरपुढे खडी लाटेसारखी सरकेनाशी झाली, दगडात दगड अडकला, म्हणजे वर बारीक खडी टाकून ती पाणी मारीत, झाडूने ढकलीत फटींत बसवावयाची, आणि अगदी शेवटी बांधून धरण्यापुरता मुरूम. हा क्रम उलटला की काम झटपट उरकते. न दाबलेल्या खडीवर मुरमाचे ढीग ओतले म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो आणि मोजमाप पुस्तकात जाडीही पुरी भरते. परंतु दगड आणि दगड यांच्यामध्ये माती राहते, पाऊस त्या मातीचे लोणी करतो, आणि आपण म्हणतो, डांबर वाईट होते! डांबर बिचारे त्या पापात बहुधा नसतेच.

भारतीय रस्ते परिषदेने उताराची प्रमाणे ठरवून दिली आहेत. ही परिषद १९३४ साली स्थापन झाली. तिच्या जन्माला कारण झालेली समिती १९२७ साली नेमली गेली, ती आपल्या बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली, हे जाता जाता सांगितल्यावाचून आम्हाला राहवत नाही. जोराच्या पावसाच्या प्रदेशात खडीच्या रस्त्याला आडवा उतार शेकडा ३ आणि पातळ डांबरी थराच्या रस्त्याला शेकडा अडीच असावा, असे ते प्रमाण आहे. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतच्या दोन मीटरांत पाचसहा सेंटिमीटर. एवढ्याशा उतारावर रस्त्याचे आयुष्य अवलंबून असते. पण पाणी कडेला आले तरी पुढे जाणार कोठे? साइडपट्टीवर गवत माजते, माती साचते आणि पट्टी रस्त्याहून उंच होते. गटार कोणी कुंपणासाठी बुजविलेले असते, कोणी दुकानापुढे फरशी टाकून झाकलेले असते. त्यात ठेकेदाराचा दोष नाही; ते आमचे-तुमचेच काम.

पूर्वी दर टप्प्यावर मैलकुली असत. पावसाळ्याच्या तोंडी गटारे मोकळी करणे, मोरीतला गाळ काढणे, खड्डा तळव्याएवढा आहे तोच भरणे, हा त्यांचा नित्यक्रम. ती व्यवस्था बहुतेक ठिकाणी मोडली, आणि तिच्या जागी काही वर्षांनी एकदम नवा थर घालण्याची रीत आली. नव्या थराला उद्घाटन करता येते. फावड्याला येत नाही.

तेव्हा आपल्या गावच्या रस्त्याचे काम निघेल, तेव्हा फीत कापण्याच्या दिवसाची वाट पाहू नका. माती दाबली जात असता जा, मुरूम पडण्याआधीची खडी पाहा, थराची जाडी मोजपट्टीने स्वतः मोजा. मंजूर अंदाजपत्रकाची प्रत माहितीच्या अधिकारात, २००५ सालापासून, कोणाही नागरिकाला मागता येते. तीत किती मोऱ्या आहेत आणि जमिनीवर किती झाल्या, हे मोजावयास अभियंत्याची पदवी लागत नाही. आणि मृगाचे पाणी पडण्यापूर्वी एक रविवार काढून, फावडी घेऊन, आपापल्या घरापुढचे गटार उघडा.