खारपाणपट्ट्यातले ख्रिस्ती पदवीधर



कुणी कृषी, कुणी रसायनशास्त्र, कुणी परिचर्या, कुणी वाणिज्य शिकून तुम्ही आज अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतून बाहेर पडत आहात. तुमच्यापुढे पर्यावरणाचा प्रश्न आता पाठ्यपुस्तकातल्या धड्यापुरता उरलेला नाही. मे 2024 मध्ये अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर गेला आणि जिल्हा प्रशासनाला उन्हापायी कलम 144 लावावं लागलं. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागा जगवता जगवता बोअर शेकडो फूट खाली गेले. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा काळात प्रार्थना, उपासना, शास्त्रवाचन या घरातल्या गोष्टी घरातच ठेवा, शिकलेल्या माणसाने आधी प्रश्न सोडवावेत, असा सल्ला तुम्हाला पुष्कळ जण देतील. माझं म्हणणं त्याच्या उलट आहे. प्रभू येशूवरचा विश्वास आयुष्याच्या मध्यभागी राहिला, तरच तुमची विद्या आणि या भूमीची काळजी या दोन्ही गोष्टी टिकतील. हे मी केवळ श्रद्धेपोटी म्हणत नाही, त्याला कारणं आहेत.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागातल्या कित्येक गावांत विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते पिकालाही चालत नाही आणि पिण्यालाही. त्यात सोडियम जास्त. काळ्या चिकण जमिनीला ते पाणी दिलं की मातीचे कण विस्कटतात, छिद्रं बुजतात, पाऊस पडला तरी ओल खाली मुरत नाही आणि वरचा थर वाळून टणक होतो. यावर उपाय नाही असं नाही. जिप्सम टाकलं की त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि सुटा झालेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर निचरून जातो. शेततळ्यात पावसाचं गोडं पाणी साठवलं तर हरभऱ्याला ऐन गरजेच्या वेळी एखाद-दोन पाळ्या देता येतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात हे शिकवलं जातं, तुमच्यातल्या काहींनी त्यावर परीक्षाही दिली असेल. मग घोडं अडतं कुठे? अशी जमीन एका वर्षात सुधारत नाही. दोन-तीन एकर कोरडवाहू असलेल्या माणसाच्या बांधावर हंगामामागून हंगाम जात राहायचं, तर त्यात पैसा नाही आणि नावही नाही. काय करावं हे विज्ञान अचूक सांगतं. पाच हंगाम फळ दिसलं नाही, बरोबरीचे पुण्याला नोकरीला लागले, तरी आपण हे का करत राहायचं, याचं उत्तर मात्र प्रयोगशाळेत मिळत नाही. ज्याचा सगळा भार निकालावर आहे, तो निकाल लांबला की खचतो. पृथ्वीची चिंता मनापासून वाहणारे किती तरुण आज निराशेने थकले आहेत, ते पाहा. त्यांची कळकळ खोटी नाही. जग वाचवण्याचं ओझं त्यांनी एकट्याच्या खांद्यावर घेतलं आहे आणि ते माणसाला पेलणारं नाही. जग देवाचं आहे, त्याचा तारणारा आपण नाही, हे ज्याला ठाऊक आहे तो आपल्या वाट्याचं काम न घाबरता करू शकतो.

इतिहासात याचा पुरावा आहे. मिशनरी विल्यम कॅरी मराठी वाचकाला 1805 च्या मराठी व्याकरणामुळे आणि पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरामुळे माहीत असतात. पण बंगालमध्ये सेरामपूरला त्यांनी वनस्पतींची मोठी बागही उभी केली होती, आणि 1820 मध्ये भारतातल्या शेती-बागायतीच्या सुधारणेसाठी एक संस्था स्थापन केली होती. 1812 च्या आगीत छापखाना आणि भाषांतरांची हस्तलिखितं जळाली. ते पुन्हा लिहायला बसले. 1823 च्या पुराने बाग धुऊन नेली. त्यांनी पुन्हा लावली. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने वनस्पतींच्या एका वंशाला त्यांच्यावरून कॅरेया हे नाव दिलं, आणि त्यातला एक वृक्ष तुम्ही सातपुड्यात पाहिला असेल. तो म्हणजे कुंभा. जाड, भेगाळ सालीचा, उन्हाळ्याच्या तोंडी पांढऱ्या पाकळ्या आणि गुलाबी केसरांचा झुबका असलेली मोठी फुलं धरणारा. भाषांतर आणि बाग ही कॅरींची दोन आयुष्यं नव्हती, म्हणूनच दोन्ही उद्ध्वस्त होऊनही ते थांबले नाहीत. पंडिता रमाबाईंचंही तेच. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या, केडगावात विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला आणि 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराचं काम केलं. इकडे अकोल्यातही अलायन्स मिशनने दुष्काळात अनाथ झालेली मुलं सांभाळली. या माणसांना अन्न, पाणी आणि वचन यांचे वेगवेगळे कप्पे करावेसे वाटले नाहीत.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. लिन व्हाइट या इतिहासकाराने 1967 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात लिहिलं की निसर्गाच्या नाशाचं मूळ माणसाला सृष्टीवर सत्ता देणाऱ्या ख्रिस्ती शिकवणुकीत आहे. हा आरोप झटकून टाकू नका. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सत्तांनी जंगलं तोडली, आणि मेळघाटातलं सागवान राखीव करताना कोरकू आदिवासींच्या हक्कांवर गदा आणली. पण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातल्या सत्तेची मर्यादा दुसऱ्याच अध्यायात आहे. तिथे माणसाला बागेत ठेवलं जातं ते मशागत आणि राखण करण्यासाठी. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी जमिनीला विसावा देण्याची आज्ञा आहे आणि जमिनीचा मालक देव आहे असं स्पष्ट बजावलं आहे. दोष आज्ञेत नव्हता, ती मोडण्यात होता. म्हणून विश्वास सैल केल्याने हा दोष जाणार नाही, उलट विश्वासच अधिक प्रामाणिकपणे पाळावा लागेल. दुसरा आक्षेप आपल्याच मंडळीतून येतो: हे जग नाहीसंच होणार, मग झाडं कशाला लावायची? पण रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल सृष्टीच्याही मुक्तीची आशा धरतो, आणि आपण देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो. ज्या देवाने देह टाकून दिला नाही, त्याची निर्मिती आपण टाकाऊ कशी ठरवणार?

तिसरा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. गाडगेबाबांनी गावोगाव झाडू हातात घेतला, तुकडोजी महाराजांनी मोझरीहून ग्रामसेवेची शिकवण दिली; दोघेही ख्रिस्ती नव्हते. मग ख्रिस्ताचीच गरज काय? त्यांचं काम मनापासून मान्य करा, त्यांच्या वाटेने चालणाऱ्यांबरोबर खांद्याला खांदा लावून श्रमदान करा. चांगुलपणा ही आपली मक्तेदारी नाही, आणि तसा दावा शास्त्र करतही नाही. आपण ख्रिस्ताकडे उपयोगासाठी गेलेलो नाही. तो प्रभू आहे म्हणून मध्यभागी आहे, पर्यावरणाच्या कामाला बळ मिळतं म्हणून नव्हे. ज्या दिवशी आपण त्याला एखाद्या चांगल्या चळवळीचं साधन करू, त्या दिवशी चळवळच आपला देव झालेली असेल. अभ्यासाचंही तसंच. विश्वास मध्यभागी आहे म्हणून मातीपरीक्षण ढिलं केलं, आकडे अंदाजाने भरले, तर ती भक्ती नव्हे. सगळ्या मनाने, म्हणजे बुद्धीनेही, देवावर प्रीती करायची आपल्याला आज्ञा आहे. खोटा आकडा ही शेजाऱ्याविरुद्ध दिलेली खोटी साक्ष आहे.

तेव्हा माझी विनंती एवढीच. रविवारची उपासना आणि रोजचं शास्त्रवाचन नोकरीच्या धकाधकीत सुटू देऊ नका. आणि येत्या पावसाळ्याआधी आपल्या मंडळीतल्या कृषी आणि रसायनशास्त्राच्या पदवीधरांनी एकत्र बसून खारपाणपट्ट्यातलं एक गाव निवडा, तिथल्या विहिरींचं पाणी आणि शेतांची माती तपासून घ्या, आणि अहवाल जात-धर्म न बघता प्रत्येक घरी वऱ्हाडीत समजावून सांगा. पुढच्या वर्षीही त्याच गावात जा.