मागलं आयुष्य देवाच्या हाती



आपल्याकडे माणसाचं मागलं आयुष्य कुणी सहजी विसरत नाही. तुरुंगातून सुटून आलेला माणूस दहा वर्षं इमानदारीनं दुकान चालवो, गल्लीत त्याची ओळख ‘आत जाऊन आलेला’ अशीच राहते. सासरहून माघारी आलेल्या लेकीचंही तेच. तिचा दोष असो वा नसो, बोट तिच्याकडेच जातं. मग देवाच्या दरबारात तरी या मागल्या हिशेबाचं काय होत असेल? ख्रिस्ती धर्मानं या प्रश्नाला दिलेल्या उत्तराविषयी आज बोलायचं आहे. मी मुसलमान आहे, मराठीत कविता लिहितो. हा विषय मला परका वाटत नाही. ‘तौबा’ या शब्दाचा अर्थच मुळी माघारी वळणं असा आहे.

मागलं ओझं दोन तऱ्हेचं असतं. एक आपण स्वतः केलेलं, दुसरं आपल्यावर येऊन कोसळलेलं.

पहिल्या ओझ्याची गोष्ट बायबलमध्ये जक्कयाच्या रूपानं येते. हा जकातदारांचा मुखिया, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला, तेव्हा गाव कुरकुरलं. पण जक्कयानं अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत देईन, असं कबूल केलं. म्हणजे देवाची क्षमा ही फुकटची सुटका नव्हे. ज्याचं घेतलं त्याचं परत करावं लागतं. मात्र क्रम पाहा. येशू आधी त्याच्या घरी गेला, परतफेड नंतर आली.

आता दुसरं ओझं. त्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातल्या पंडिता रमाबाईंकडे यावं लागेल. १८५८ साली त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. कुटुंब तीर्थोतीर्थी पायी हिंडून पुराणं सांगायचं. १८७० च्या दशकात दुष्काळानं त्यांना गाठलं. हात पसरायचा नाही, म्हणून झाडपाल्यावर दिवस काढले. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच १८८२ साली पतीही गेले. पदरात लहानगी मनोरमा.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनी ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना मायेनं सांभाळत होत्या. हे कशापायी, असं रमाबाईंनी विचारलं. तेव्हा एका भगिनीनं त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली ही बाई भर दुपारी एकटीच विहिरीवर आलेली. येशूनं तिच्याकडे पाणी मागितलं, तिचं सगळं आयुष्य तिला सांगितलं, तरी तिला झिडकारलं नाही. घागर तिथंच टाकून ती गावात धावली आणि ज्यानं माझं सगळं ओळखलं त्याला भेटायला चला, असं सांगत सुटली. जे आजवर तिला खाली मान घालायला लावत होतं, तेच आता ती चारचौघांत बोलू लागली. रमाबाईंच्या मनाला हे भिडलं. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून पुढे महाराष्ट्रात मोठं वादळ उठलं.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ उभी राहिली. ज्यांना कुठंच थारा नव्हता अशा बायकांसाठी तिथं ‘कृपासदन’ही निघालं. शेती, विणकाम, छपाई अशी कामं बायका शिकल्या. भूक काय असते, हे रमाबाईंना कुणी सांगावं लागलं नाही. स्वतःच्या दुष्काळानंच त्यांना या मुलींपर्यंत नेलं.

मला इथं हजरत यूसुफ आठवतात. बायबलमध्ये ते योसेफ आहेत. भावांनी विहिरीत टाकलं, परमुलखात विकले गेले, कैदेत पडले. पुढे दुष्काळात धान्याची कोठारं त्यांच्याच हाती आली आणि त्याच भावांना त्यांनी धान्य दिलं. भावांचं कृत्य त्यामुळे चांगलं ठरत नाही. रमाबाईंची आईही परत आली नाही. देव दुःखाला सुख म्हणायला लावत नाही. ते दुःख वाया जाऊ देत नाही, एवढी ही श्रद्धा.

आपल्या हिंगोली जिल्ह्यालाही ही गोष्ट ठाऊक आहे. विसोबा खेचरांनी आधी ज्ञानेश्वरादी भावंडांचा छळ केला, असं संतकथा सांगतात. त्याच विसोबांकडे, औंढ्याला, नर्सीचे नामदेव गुरू शोधत आले. नामदेवांनी त्यांचं मागलं काढलं असतं, तर?

देव माफ करतो, हे आपण सगळेच मानतो. पण त्यानं माफ केलेला माणूस परततो तो आपल्याच गल्लीत. तो कामाला हात मागेल, ती लेक भाड्यानं खोली मागेल. त्या वेळी आपलं दार उघडतं की नाही, एवढंच आपल्या हाती आहे.