रक्तदाब आणि नोकरीची श्रेणी
(आरोग्य शिबिरानंतरच्या सभेतील भाषण)



वैद्यकीय तपासणीत ट्रॅकमेंटेनरचा, म्हणजे आपल्या जुन्या गँगमनचा, रक्तदाब वाढलेला निघाला की पहिला प्रश्न येतो, तंबाखू खातोस का? हो म्हटले की विषय मिटला. खरे सांगायचे तर युनियनच्या ऑफिसात बसून आम्हीही कित्येक वर्षे हेच ऐकवत होतो.

लंडनमध्ये १९६७ साली सरकारी नोकरांचा एक अभ्यास सुरू झाला. त्याला व्हाइटहॉल अभ्यास म्हणतात. सतरा हजारांवर पुरुष, सगळे सरकारी पगारावरचे, उपाशी कोणी नाही. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीत, शिपायांमध्ये, हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण वरिष्ठ साहेबांच्या तिपटीहून जास्त निघाले. आणि आपण म्हणतो, टेन्शन साहेबाला! धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही निम्म्याहून अधिक फरक शिल्लक राहिला. पुढे १९८५ पासून १०,३०८ स्त्री-पुरुषांचा दुसरा अभ्यास झाला. ज्यांचा स्वतःच्या कामावर ताबा कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त, असे त्यात दिसले.

धोका समोर आला की शरीरातल्या ग्रंथी ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसोल सोडतात. गाडी अंगावर आली तर रुळावरून उडी मारायला तीच कामाला येतात. कॉर्टिसोल सकाळी चढते आणि रात्रीपर्यंत उतरते. धास्ती रोजचीच झाली की ही चढउतार बिघडू शकते. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये १९३ प्रौढांची लघवी व लाळ तपासली. २००६ साली निष्कर्ष छापून आले. उत्पन्न आणि शिक्षण जितके कमी, तितकी ही दोन्ही द्रव्ये जास्त. त्यात सिगारेटचा वाटा होताच, पण सकाळची न्याहारी चुकण्याचा आणि माणसांत मिसळणे कमी होण्याचाही होता. आता सॉर्टिंगच्या रात्रपाळीतून घरी येऊन न खाताच झोपणारा टपालबंधू आठवा. भाचीच्या लग्नालाही रजा न मिळालेला गेटमन आठवा. तंबाखू सोडाच, ते आम्ही आजही सांगतो. पण लग्न चुकवले कोणी?

मागणीपत्रात या वेळी ड्यूटीची आगाऊ लेखी सूचना आणि रजा नाकारल्यास लेखी कारण, ही दोन कलमे घातली आहेत. प्रशासन पुरावा मागणार. म्हणून प्रत्येक शाखेने गेल्या सहा महिन्यांत नाकारलेल्या रजा आणि ऐनवेळी बदललेल्या ड्यूट्या तारखांसह लिहून पंधरा दिवसांत आमच्याकडे पाठवाव्यात.