घराची किंमत, वस्तीचे ज्ञान आणि व्यवहाराची वेळ

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सिमेंट, पोलाद आणि विटा यांचे भाव एका शहरात सर्वत्र जवळपास सारखेच असतात. गवंड्याची मजुरीही फारशी बदलत नाही. तरीही त्याच शहरातील दोन वस्त्यांमध्ये समान चटई क्षेत्राच्या घरांच्या किमतीत दुपटी-तिपटीचे अंतर आढळते. हे अंतर भिंतींचे नसून जागेचे असते. जमिनीचे मूल्य मालकाच्या श्रमाने नव्हे, तर भोवतालच्या समाजाच्या वाढीने वाढते, असा सिद्धान्त हेन्री जॉर्ज या अमेरिकन अर्थचिंतकाने १८७९ साली मांडला होता. त्याने सुचवलेल्या एकमेव जमीन कराविषयी मतभेद आहेत. पण त्याच्या मूळ निरीक्षणाचा प्रत्यय आजही कोणत्याही शहरात येतो. खुद्द शासनही ते मान्य करते. दिल्लीत जुलै २००७ मध्ये मुद्रांक शुल्कासाठी किमान दर लागू झाले, तेव्हा वसाहतींची ‘ए’ ते ‘एच’ अशी आठ वर्गांत विभागणी करण्यात आली. महाराष्ट्रात हेच काम वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते, म्हणजे प्रचलित भाषेत ‘रेडी रेकनर’, करतात.

सर्वसामान्य कुटुंबासाठी घराची खरेदी हा आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार असतो. भाजी घेताना फसगत झाली तर दुसऱ्या दिवशी विक्रेता बदलता येतो. घराच्या बाबतीत चुकीचे परिमार्जन करण्याची संधी बहुधा मिळतच नाही. समोरचा दलाल किंवा विकासक मात्र हा व्यवहार रोज करीत असतो. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन माहितीच्या विषमतेचे विवेचन केले आणि त्या कार्यासाठी त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जुन्या मोटारीचे निदान इंजिन तरी उघडून पाहता येते. वस्ती उघडून कशी पाहायची?

स्थळाचे ज्ञान

फ्रेडरिक हायेक यांनी १९४५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात स्थळ-काळाच्या विशिष्ट परिस्थितीचे ज्ञान ही एक स्वतंत्र आर्थिक संपत्ती मानली आहे. हे ज्ञान कोणत्याही मध्यवर्ती कार्यालयात एकत्र करता येत नाही. ते त्या त्या जागी वावरणाऱ्या माणसांजवळ विखुरलेले असते. घरांच्या बाजाराला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर किती येतात, पहिल्या पावसात कोणता रस्ता बंद पडतो, सोसायटीत किती सदस्यांची देखभाल वर्गणी थकली आहे, शेजारच्या मोकळ्या भूखंडावर विकास आराखड्यात कोणते आरक्षण आहे, या गोष्टी जाहिरातीत नसतात. त्या किराणा दुकानदाराला, इस्त्रीवाल्याला आणि जुन्या भाडेकरूला ठाऊक असतात. रात्री आठ-नऊच्या सुमारास एखाद्या नव्या संकुलातील किती खिडक्यांत दिवे लागले आहेत, एवढे मोजले तरी तेथे किती घरे राहण्यासाठी आणि किती केवळ भाववाढीच्या आशेने घेतली गेली, याचा अंदाज येतो.

पाण्याचा मुद्दा तर विशेष विचारात घ्यावा लागतो. बंगळूरचे मध्यवर्ती बसस्थानक धर्मांबुधी तलावाच्या जागी उभे आहे, तर कंठीरव क्रीडांगण संपंगी तलावाच्या जागी. कन्नड भाषेत ‘केरे’ म्हणजे तळे. वस्तीच्या नावात हा शब्द असेल तर खरेदीदाराने जुना नकाशा जरूर पाहावा. सप्टेंबर २०२२ मधील पावसात याच शहराच्या पूर्व भागातील अत्यंत महागड्या बंगल्यांत पाणी शिरले. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या वेळचेरीसारख्या भागांत तेच घडले; पळ्ळिकरणै दलदलीचे क्षेत्र आक्रसत गेल्याचा तो परिणाम होता. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नदीचे पात्र नेमके कोठून जाते हे अनेकांना प्रथमच कळले. पाणी आपली वाट विसरत नाही. विक्रीपत्रकात मात्र तिचा उल्लेख नसतो.

वस्तीची पारख करण्याचे आणखी एक साधन आहे, ते म्हणजे भाडे. भाडेकरू आजच्या सोयीचे पैसे देतो, तर खरेदीदार उद्याच्या आशेचेही देतो. ६० लाख रुपयांच्या घराला दरमहा १५ हजार रुपये भाडे येत असेल तर वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार, म्हणजे किमतीच्या ३ टक्के होते. भारतीय महानगरांत हे प्रमाण सामान्यतः असेच अल्प असते. म्हणूनच एखाद्या वस्तीत किंमत झपाट्याने वाढत असून भाडे जागच्या जागी असेल, तर ती वाढ राहणाऱ्यांच्या मागणीतून नव्हे तर अपेक्षेतून आली आहे, असे समजण्यास हरकत नाही. अपेक्षा फळते तेव्हा लाभ होतो. पण ती केव्हा फळेल हा प्रश्न वेगळाच आहे.

काळाचे गणित

नवी मुंबईच्या विमानतळाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. केंद्र सरकारने या प्रकल्पास २००७ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. पर्यावरणविषयक मंजुरी २०१० मध्ये मिळाली. टेकडी सपाट करणे, नदीचा प्रवाह वळवणे आणि प्रकल्पग्रस्त गावांचे पुनर्वसन यांत अनेक वर्षे गेली. अखेर ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले व डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली. या काळात उलवे आणि पनवेल परिसरातील प्रत्येक गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत विमानतळ ‘लवकरच’ येत होता. आता साधा हिशेब पाहू. ८ टक्के चक्रवाढ दराने पैसा सुमारे नऊ वर्षांत दुप्पट आणि अठरा वर्षांत चौपट होतो. अर्थात २००७ साली विमानतळाच्या भरवशावर घेऊन रिकाम्या ठेवलेल्या घराची किंमत चौपट झाली, तर मालकाला नफा झाला असे म्हणता येणार नाही. त्याची केवळ बरोबरी झाली. त्या घरात जो राहिला किंवा ज्याने भाडे मिळवले, त्याचे गणित निराळे. पायाभूत सुविधेची घोषणा, बांधकाम आणि प्रत्यक्ष वापर या तीन टप्प्यांमध्ये किती काळ जातो, हे ज्याला समजते त्याला वेळेचे महत्त्व समजले. विकासकाला ते समजलेले असते, कारण तो घोषणेच्या वेळी विकतो.

दिल्लीतील द्वारका उपनगराचा अनुभव याला पूरक आहे. मेट्रो डिसेंबर २००५ मध्ये द्वारकेच्या वेशीवर पोहोचली आणि पुढच्याच वर्षी उपनगरात शिरली. संपर्काचा प्रश्न सुटला, पण पाण्याची टंचाई ही रहिवाशांची मुख्य तक्रार त्यानंतरही अनेक वर्षे कायम राहिली. एका सुविधेने दुसऱ्या सुविधेची उणीव भरून निघत नाही. तथापि जाहिरात नेहमी आलेल्या सुविधेचीच होते.

किमती खाली येण्याची वाट पाहणारा खरेदीदार व्याजदराकडे दुर्लक्ष करतो, असेही दिसते. ३० लाख रुपयांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा मासिक हप्ता ७ टक्के दराने सुमारे २३,२६० रुपये, तर ९ टक्के दराने सुमारे २६,९९० रुपये येतो. संपूर्ण मुदतीचा फरक जवळजवळ ९ लाख रुपये होतो. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहा टक्के झाला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य मानदंडाशी जोडली गेल्याने हा चढउतार कर्जदाराच्या हप्त्यापर्यंत किंवा मुदतीपर्यंत लवकर पोहोचतो. म्हणून स्वस्त व्याजाची ‘योग्य वेळ’ ही बदलत्या दराच्या कर्जात वीस वर्षांची हमी नसते.

राज्य शासनाचे निर्णयही वेळ घडवतात. कोविडच्या काळात महाराष्ट्र शासनाने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या कालावधीत मुद्रांक शुल्कात ३ टक्के आणि त्यानंतर मार्च २०२१ अखेरपर्यंत २ टक्के सवलत दिली. मुंबईत शुल्क ५ टक्क्यांवरून प्रथम २ टक्क्यांवर आले. एक कोटीच्या घरामागे ही तीन लाखांची बचत होती. दुय्यम निबंधक कार्यालयांपुढे रांगा लागल्या, यात नवल नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार दस्त निष्पादित झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीस सादर करता येतो. ज्यांना ही तरतूद माहीत होती त्यांनी मुदतीपूर्वी शुल्क भरून दस्तावर सह्या केल्या आणि गर्दी ओसरल्यावर नोंदणी केली. कायद्याचे ज्ञान हेही येथे वेळेचेच ज्ञान ठरले.

घरांच्या किमती शेअरप्रमाणे क्षणोक्षणी बदलत नाहीत. कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतील चार शहरांच्या अभ्यासातून दाखवले की, एका वर्षातील बदलाची दिशा बहुधा पुढील वर्षीही टिकते. यावरून वेळ साधून नफा मिळवणे सोपे आहे, असे वाटेल. परंतु मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, दोन्ही वेळची दलाली आणि विक्रीवरील कर यांनी त्या नफ्याचा मोठा वाटा गिळला जातो. वारंवार खरेदी-विक्री करणाऱ्याला वेळ साधते, हा समज त्यामुळे बराचसा भ्रामक आहे.

विक्रेत्याची अडचण वेगळी असते. घसरत्या बाजारात तो मागील चढ्या भावाला चिकटून राहतो. डेव्हिड जेनेसोव्ह व क्रिस्टोफर मेयर यांचा २००१ मधील बोस्टन शहराविषयीचा अभ्यास हेच सांगतो: तोटा होऊ घातलेले मालक अधिक किंमत मागतात आणि त्यांची घरे अधिक काळ पडून राहतात. भारतात ही वृत्ती केवळ वैयक्तिक उरत नाही. २०११ च्या जनगणनेत नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. त्याच सुमारास, २०१२ मध्ये, बाराव्या योजनेसाठीच्या तांत्रिक गटाने नागरी घरटंचाई १ कोटी ८८ लाखांच्या घरात असल्याचा अंदाज दिला. टंचाईचा सुमारे ९६ टक्के भार दुर्बल व अल्प उत्पन्न गटांवर होता. रिकामी घरे त्यांच्या आवाक्यातील नव्हती, हे खरे. भाडेकरू जागा सोडणार नाही ही भीती, भाड्याचे अल्प उत्पन्न आणि भाववाढीची प्रतीक्षा यांमुळे ती कुलूपबंद राहिली, हेही तितकेच खरे. केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरू अधिनियम यावरचाच उपाय आहे; पण भाडेविषयक कायदे करणे राज्यांच्या हाती आहे.

ज्ञान सार्वजनिक व्हावे म्हणून

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार शंभर रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. साठेखताने मालकी मिळत नाही. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे होणारी विक्री मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. दिल्लीच्या अनधिकृत वसाहतींतील लाखो कुटुंबांचे व्यवहार मात्र तशाच कागदांवर झालेले होते. त्यांपैकी १,७३१ वसाहतींसाठी २०१९ मध्ये स्वतंत्र योजना करावी लागली. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. आपल्याकडे दस्ताची नोंदणी होते, मालकीहक्काची हमी शासन देत नाही. त्यामुळे मागील व्यवहारांचा शोध घेण्याचे ओझे खरेदीदारावरच असते.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, अर्थात ‘रेरा’, १ मे २०१७ पासून पूर्णतः अमलात आला. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास त्याने मनाई केली, ग्राहकांच्या पैशातील ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले आणि प्रकल्पाच्या मंजुऱ्या, आराखडे व विकल्या गेलेल्या घरांची संख्या जनतेसाठी खुली केली. त्याची निकड किती होती, हे नोएडा व ग्रेटर नोएडात दिसले. तेथे हजारो कुटुंबे अपुऱ्या इमारतीच्या कर्जाचा हप्ता आणि राहत्या घराचे भाडे असा दुहेरी भार वर्षानुवर्षे वाहत होती. एका मोठ्या बांधकाम समूहाची रेरा नोंदणी जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि उरलेली घरे पूर्ण करण्याचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपवले. या कुटुंबांनी वस्ती पारखली होती, वेळही साधली होती. विकासकाच्या खात्यातून पैसा कोठे जातो हे तेवढे त्यांना दिसत नव्हते.

किमतींची माहिती हळूहळू खुली होत आहे. राष्ट्रीय आवास बँकेचा ‘रेसिडेक्स’ निर्देशांक जुलै २००७ मध्ये सुरू झाला. रिझर्व्ह बँकही नोंदणीच्या आकडेवारीवरून गृह किंमत निर्देशांक काढते. पण शहराची सरासरी ही वस्तीची किंमत नव्हे. त्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोन अधिक उपयुक्त आहे. तीत त्याच इमारतीतील शेजारचे घर प्रत्यक्ष कितीला नोंदले गेले हे दिसते आणि फी भरून ती कोणालाही पाहता येते. दलालाने सांगितलेला भाव आणि सूचीतील भाव शेजारी ठेवले की घासाघीस करण्यास आधार मिळतो. मात्र व्यवहाराचा काही भाग रोखीने होत असेल तर सूचीतील आकडाही अपुरा ठरतो.

शिवाय रेराचे संरक्षण मुख्यतः नव्या प्रकल्पांपुरते आहे. दोन व्यक्तींमधील जुन्या घराचा व्यवहार त्याच्या कक्षेत येत नाही. तेथे खरेदीदाराने भोगवटा प्रमाणपत्र, मिळकत पत्रिका आणि सोसायटीचे अभिहस्तांतरण स्वतः तपासायचे असते. आणि पाण्याचा टँकर दिवसातून किती वेळा येतो, हे त्याला आजही इमारतीच्या पहारेकऱ्यालाच विचारावे लागते.