टायरची जखम आणि वाटसरूचा जीव



वर्सोव्याच्या पुलावरून वसईची खाडी ओलांडली, की मुंबई-अहमदाबाद महामार्ग चिंचोटी, पेल्हार, शिरसाड, सकवार अशा गावांच्या अंगणातूनच जातो. पूर्वी ८ क्रमांकाने ओळखला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग आता ४८ क्रमांकाचा आहे. न्हावा-शेवा बंदरातून गुजरातकडे जाणारा माल याच वाटेने जातो. रस्त्याच्या कडेला कामगार व शाळकरी मुले वाहनाची वाट पाहत उभी असतात. धावत्या ट्रकचा टायर फुटला तर त्याची झळ केवळ चालकालाच नव्हे, तर या मंडळींनाही पोहोचते. म्हणूनच जखमी टायर रस्त्यावर चालवावा की नाही, हा प्रश्न सार्वजनिक हिताचा आहे.

“हवा टिकते आहे, म्हणजे टायर चांगला आहे,” असा समज सर्रास आढळतो. तो खरा नाही. टायरमधील हवेचा दाब पेलण्याचे काम बाहेरचे रबर करीत नाही. ते आतील दोऱ्यांचे किंवा पोलादी तारांचे थर करतात. रबर हे त्या थरांचे चिलखत होय. तेव्हा जखम किती लांब आहे यापेक्षा ती किती खोल गेली आहे, हे पाहणे महत्त्वाचे. ओरखडा रबरापुरताच असेल तर टायर बहुधा वापरता येतो. परंतु चिरेतून दोरा किंवा तार दिसू लागली, की तो टायर उतरविलाच पाहिजे. पावसाळ्यात अशा चिरेतून पाणी आत शिरते, तार गंजते आणि वरचा पट्टा सुटू लागतो.

टायरच्या बाजूवर फुगवटा दिसला तर आतील दोरे तुटले आहेत असे समजावे. रस्त्याकडेच्या दुकानातील ठिगळाने तो दोष जात नाही. कमी हवेवर बरेच अंतर धावलेल्या टायरचेही तसेच आहे. त्याच्या बाजू सतत दुमडून तापतात आणि आतून खचतात. त्यात नुसती हवा भरून पुढे निघणे धोक्याचे असते. तो रिमवरून काढून आतून तपासावा आणि हवा भरताना लोखंडी पिंजऱ्यात ठेवावा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ हेच सांगतो. आतील थर उघडा पडलेला, फुगवटा आलेला किंवा बाहेरून ठिगळ लावलेला टायर सुस्थितीत मानला जात नाही. ट्रकच्या टायरवरील नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. खाचांच्या तळाशी असलेले उंचवटे नक्षीच्या पातळीला आले, की ही मर्यादा संपली असे ओळखावे.

“मागे जोडचाके आहेत, एक गेले तरी चालेल,” हा युक्तिवादही फसवा आहे. सहा चाकी ट्रकच्या मागील आसावर ११.५ टनांपर्यंत भार अनुज्ञेय आहे. म्हणजे एका बाजूच्या जोडीवर पावणेसहा टन. आतील टायर बसला की तो सारा भार एकट्या बाहेरच्या टायरवर येतो. पुढील टायर फुटला तर स्टिअरिंग एका बाजूस खेचले जाते व वाहन आवरणे कठीण होते.

टायर बदलण्याचा निर्णय बहुधा चालकाच्या हाती नसतो. पैसा मालकाचा आणि घाई माल पाठविणाऱ्याची असते. मोटार वाहन अधिनियमाचे कलम १९० मात्र सदोष वाहन चालविणाऱ्याबरोबरच ते चालवू देणाऱ्यासही जबाबदार धरते. पाण्याचे टँकर अथवा बांधकाम साहित्याची वाहने ठरविताना ग्रामपंचायतींनी टायरच्या तपासणीची अट करारात घालावी. शाळांनी आपल्या बसगाड्यांचे टायर सहामाहीच्या आरंभी पाहून घ्यावेत. त्यासाठी हवेचा दाब मोजण्याचे साधन, खोली मोजण्याची पट्टी आणि पंधरा मिनिटे पुरेशी आहेत.

शंका असेल तेथे टायर उतरवावा, हाच सुरक्षिततेचा सोपा नियम होय. टायरची किंमत पुन्हा उभी करता येते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मुलाचा जीव मात्र परत आणता येत नाही.