‘कॅश’ : एक शब्द, दोन उगम

तंजावर जिल्ह्यात, कावेरीच्या खोऱ्यात, पापनाशम नावाचे गाव आहे. तेथील तिरुप्पालैत्तुरै देवालयाच्या आवारात विटांनी बांधलेले एक प्रचंड धान्यकोठार आजही उभे आहे. ते सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, नायक राजांच्या अमदानीत बांधले गेले. त्यात 3000 कलम भात मावे, असे सांगितले जाते. एका इंग्रजी शब्दाच्या चर्चेचा आरंभ या कोठारापासून करण्यास कारण आहे. तो शब्द म्हणजे ‘कॅश’.

हा शब्द आता मराठीतही रुळला आहे. दुकानात ‘कॅश’ म्हणजे रोख पैसे. ‘कॅशबुक’ म्हणजे रोजकीर्द. धनादेश ‘कॅश करणे’ म्हणजे तो वटविणे. या सर्व अर्थांचे मूळ एकच आहे. फ्रेंच भाषेतील ‘केस’ आणि इटालियनमधील ‘कासा’ या शब्दांचा अर्थ पेटी असा होतो, आणि त्या दोहोंचे मूळ लॅटिन ‘काप्सा’ या शब्दात आहे. पैसे ठेवावयाच्या पेटीचे नाव पुढे पेटीतील पैशांना मिळाले. पेटी सांभाळणारा तो ‘कॅशियर’. मात्र सैन्यातील अधिकाऱ्याला बडतर्फ करणे या अर्थाचे ‘कॅशियर’ हे क्रियापद अगदी वेगळ्या, ‘मोडणे, रद्द करणे’ या अर्थाच्या धातूपासून आले आहे. त्याचा तिजोरीशी काहीही संबंध नाही.

परंतु इंग्रजी कोशांत ‘कॅश’ची आणखी एक स्वतंत्र नोंद आढळते : दक्षिण भारतातील हलक्या किमतीचे नाणे. हा शब्द युरोपातून आलेला नाही. तमिळ भाषेत नाण्याला ‘कासु’ म्हणतात. त्याचा संबंध विद्वान संस्कृत ‘कर्ष’ या वजनाशी जोडतात. पोर्तुगीजांनी त्याचा उच्चार ‘काइशा’ असा केला. त्यांच्या भाषेत पेटीलाही हाच शब्द होता. इंग्रजांनी त्याचे ‘कॅश’ केले, आणि चीनमधील चौकोनी भोकाच्या तांब्याच्या नाण्यांनाही तेच नाव दिले. अशा रीतीने पेटी आणि नाणे यांची नावे एकरूप झाली.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘रोख रक्कम’ आणि ‘बोलण्याचा रोख’ यांतील शब्द उच्चाराने सारखेच आहेत. अर्थ मात्र प्रसंगावरून कळतो.

तंजावरात हा कासु फार जुना आहे. राजराज चोळाने बांधविलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या शिलालेखांत, देवाच्या नावे ठेवलेले कासु ग्रामसभांना व्याजाने दिल्याचे उल्लेख आहेत. ते व्याज कित्येकदा भाताच्या रूपाने घेतले जाई. नाणे आणि धान्य यांची सांगड तेथे अशी पूर्वापार होती. पुढे मद्रासच्या चलनात 80 कॅशचा एक फनम आणि 42 फनमचा एक होन असे कोष्टक होते. म्हणजे एका होनाला 3360 कॅश. ईस्ट इंडिया कंपनीने इंग्लंडात पाडविलेली 10 व 20 कॅशची नाणी घेऊन निघालेले ‘ॲडमिरल गार्डनर’ हे जहाज 1809 च्या जानेवारीत इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळ बुडाले. 1818 मध्ये मद्रास इलाख्यात रुपयाचे चलन सुरू झाले, आणि हिशेबातून कॅश मागे पडला. शेजारच्या पुदुक्कोट्टै संस्थानात मात्र ‘अम्मन कासु’ विसाव्या शतकातही चालत होता.

त्याच एकोणिसाव्या शतकात तंजावरच्या शेतकऱ्याकडून मागितला जाणारा सारा पिकाच्या वाट्याऐवजी उत्तरोत्तर रोख रकमेत आकारला जाऊ लागला. पिकाचा वाटा द्यावयाचा असता, तर सुगी बुडाल्यास सरकारचा वाटाही घटला असता. ठरलेली रक्कम मात्र भाताचा भाव उतरला तरी उतरत नाही. सरकारच्या दृष्टीने ‘कॅश’ म्हणजे भरलेली पेटी. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती भात विकून जमवावी लागणारी नाणी. शब्द एक, पण तो देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या तोंडी सारखा नव्हता.

म्हणून एखाद्या शब्दाचा अर्थ पाहताना तो कोठून आला एवढेच विचारून भागत नाही. तो कोण कोणाला उद्देशून उच्चारीत होता, हेही विचारावे लागते. इंग्रजीतील नाण्याचा ‘कॅश’ आज केवळ कोशात आणि नाणेसंग्रहांत उरला आहे. तमिळनाडूच्या बाजारात मात्र पैशाला आजही ‘कासु’च म्हणतात.